ओळी न मोजता विणायची शाल: खऱ्या लोकरीचं निवांत विणकाम

पाठीचा भाग झाला, पुढचे दोन राहिले, बाह्या राहिल्या, गळा राहिला आणि थंडी तर संपत आली. हा हिशेब डोक्यात सुरू झाला की स्वेटर पिशवीत जातो, तो थेट पुढच्या दिवाळीनंतर बाहेर येतो. विणायला आवडतच असतं, पण आपण मागे पडलो ही रुखरुख नको होते. ती बरीचशी वस्तूच्या निवडीतून येते. स्वेटर ठरल्या मापाचाच व्हावा लागतो, बगल ठरल्या ओळीलाच घटवावी लागते, आणि सगळे भाग शिवून होईपर्यंत त्यातलं काहीच अंगावर घालता येत नाही.

म्हणून इथे एकच वस्तू घेतली आहे: एका कोपऱ्यापासून वाढत जाणारी, सगळ्या ओळी सुलट असलेली त्रिकोणी शाल. तिला माप नाही, उलटी-सुलटी बाजू नाही, शिवण नाही. १०० ग्रॅम लोकर संपल्यावर थांबलात तर सुमारे ९० सेंमी रुंदीचा गळ्याभोवतीचा रुमाल होतो. २०० ग्रॅम घातली तर साधारण १२५ सेंमी रुंदीची, खांदे झाकणारी शाल होते. मध्ये कुठेही टाके बंद केले तरी ती पूर्णच असते. विणकामात नवे असाल तरी चालेल. सुलट टाका येत असला म्हणजे झालं.

लोकर कोणती घ्यावी

मराठीत आपण विणायच्या कुठल्याही धाग्याला ‘लोकर’ म्हणतो आणि दुकानातही तेच चालतं. त्यातली बरीचशी अॅक्रिलिक असते. अॅक्रिलिक स्वस्त असतं, यंत्रात धुता येतं, रंगही भरपूर मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण या लेखातल्या निम्म्या युक्त्या त्याच्यावर चालत नाहीत. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला मुळातच नागमोडी वळण असतं, म्हणून धागा ताणला तरी परत आखडतो. तंतूवर सूक्ष्म खवलेही असतात आणि ते शेजारच्या तंतूला धरून ठेवतात. त्यामुळे सुटलेला टाका लगेच खाली धावत नाही, कमीजास्त ओढलेले टाके धुतल्यावर एकमेकांत बसतात आणि दोन टोकं गाठीशिवाय जोडता येतात. सावकाश, मध्येमध्ये सोडून विणणाऱ्याला असा धागा फार सांभाळून घेतो.

लेबलवर ‘१०० टक्के वुल’ किंवा ‘प्युअर वुल’ लिहिलेलं बघा. वुलमार्कचं चिन्ह असेल तर आणखी चांगलं. १९६४ पासून ते शुद्ध लोकरीची ओळख म्हणून वापरात आहे. लेबल नसेल तर जाळून बघा. १० सेंमी धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, काडी लावायची. खरी लोकर कुरकुरत जळते, ज्योत दूर नेली की बहुधा आपोआप विझते, केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटांनी चुरला की त्याची राख होते. अॅक्रिलिक वितळत जळतं आणि मागे न चुरणारा कडक मणी उरतो. वासही आला आणि मणीही उरला, तर धागा मिश्र आहे.

खरी लोकर म्हणजे मऊच, असंही नाही. तंतूची जाडी साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेली की त्याची टोकं कातडीला टोचतात. मेरिनो जातीच्या मेंढीचे तंतू बहुधा २४ मायक्रॉनच्या आतच असतात, म्हणून ती गळ्याला चालते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच जाड आणि राठ. धनगरांच्या घोंगडीला ती उत्तम, कारण तिथे टिकाऊपणा आणि पावसाला तोंड देणं महत्त्वाचं असतं. मानेभोवती मात्र ती सोसत नाही. राजस्थानातल्या चोकला, मगरा या जातींची लोकर मुख्यतः गालिच्यांसाठी वापरतात. हिमाचल, उत्तराखंडातून हातकताईची लोकर मिळते. तिचा पोत मध्यम असतो, धागा कुठे जाड कुठे बारीक, आत एखादी गवताची काडीही सापडते आणि थोडा तेलकट वास येतो. ही या शालीसाठी फार चांगली. धागाच असमान असल्यामुळे टाक्यांचा असमानपणा दिसत नाही. काड्या विणता विणता काढून टाकायच्या. घेण्याआधी लडी कानाच्या खाली, मानेला दहा मिनिटं लावून ठेवा. हाताच्या तळव्याला खरखर कळत नाही, मानेला कळते.

जाडीला ‘डीके’, म्हणजे डबल निटिंग हा मध्यम जाडीचा धागा घ्या. १०० ग्रॅममध्ये २०० ते २५० मीटर भरतात. लेबल नसेल तर धागा पेन्सिलीभोवती न ताणता शेजारीशेजारी गुंडाळा, २.५ सेंमीत ११ ते १४ वेढे बसले की जाडी बरोबर. पहिल्या शालीला १०० ग्रॅमच्या दोन लड्या पुरेत, तिसरी घेऊ नका. स्वेटरसाठी म्हणून आणलेली अर्धा किलो लोकर कपाटात दिसत राहते, आणि दार उघडलं की तिचंच ओझं वाटतं.

रंग फिकट किंवा मध्यम घ्या. गर्द निळ्या आणि काळ्या रंगात रात्री दिव्याखाली टाके दिसत नाहीत. मग डोळे ताणले जातात आणि दोष आपल्या हाताला दिला जातो. न रंगवलेल्या पांढऱ्या, करड्या आणि तपकिरी लोकरीच्या दोन छटा घेतल्या तर अर्ध्यावर छटा बदलते आणि हातालाही बरं वाटतं.

लडीचा गुंडा करताना घाई नको. लडी दोन खुर्च्यांच्या पाठींवर अडकवा, तिला बांधलेले दोरे सगळे सापडले याची खात्री करा, मगच ते कापा. गुंडाळताना तीन बोटं गुंड्यावर ठेवून त्यांच्यावरून धागा घ्या आणि दर वीस-पंचवीस वेढ्यांनी बोटं काढा. गुंडा दाबल्यावर पावासारखा दबला पाहिजे. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेल्या अवस्थेत राहते, त्याच अवस्थेत विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आखडते.

सुया आणि त्यांचे नंबर

आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: १० नंबर ३.२५ मिमी, ८ नंबर ४ मिमी, ७ नंबर ४.५ मिमी, ६ नंबर ५ मिमी. अमेरिकी नंबर उलटे चालतात. तिकडची ८ नंबर ५ मिमीची. परदेशी नमुना बघून ‘८ नंबर’ आणली की कापड पुठ्ठ्यासारखं होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. नेहमी मिलिमीटर बघा.

या शालीला ५ मिमीची, म्हणजे आपली ६ नंबरची, गोल सुई (तारेने जोडलेल्या दोन सुया) घ्या. मधली तार ८० ते १०० सेंमी. विण सरळच आहे, पण पुढे दोनशेच्या वर टाके होतात. सरळ सुईवर ते सगळं वजन मनगटावर येतं. गोल सुईवर ते मांडीवर विसावतं, आणि पिशवीत कोंबताना टाके तारेवर सरकवले की निसटत नाहीत. मेरिनो निसरडी असते, तिला बांबूची किंवा लाकडी सुई. हातकताईची लोकर सुईला धरते, तिला धातूची.

कात्री, बोथट टोकाची जाड सुई, ४ मिमीची क्रोशाची सुई, दोन सेफ्टी पिना, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा आणि स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा, एवढं पुरतं. ओळी मोजायचं यंत्र लागत नाही.

विणायला सुरुवात

सुईवर ४ टाके घाला. यापुढची प्रत्येक ओळ अशी:

२ टाके सुलट, १ जाळी, उरलेले सगळे टाके सुलट.

जाळी म्हणजे धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा आणि तो उजव्या सुईवरून मागे जाईल अशा रीतीने पुढचा टाका सुलट विणायचा. उजव्या सुईवर एक जादा वेढा पडतो, तोच वाढलेला टाका. परतीच्या ओळीत हा वेढाही साध्या टाक्यासारखा सुलट विणायचा. तिथे एक छोटं भोक दिसतं आणि दोन्ही कडांना अशा भोकांची नाजूक रांग तयार होते.

पहिल्या ओळीनंतर ५ टाके, दुसरीनंतर ६, आणि असंच पुढे. ओळीचा क्रमांक अधिक चार म्हणजे त्या वेळचे टाके. पण हे मोजायची गरजच पडू नये अशी खूण विणीत आहे. ओळीच्या शेवटाकडे डाव्या सुईवर तीन टाके उरले की थांबून बघा. त्यातला पहिला, म्हणजे सुईच्या टोकाजवळचा, मागच्या ओळीतल्या जाळीचा वेढा असायला हवा. साधे टाके खालच्या टाक्याच्या मानेतून वर आलेले दिसतात. जाळीचा वेढा नुसताच सुईवर तिरका टेकलेला असतो आणि त्याच्याखाली रिकामी जागा दिसते. दिसला, की विणा आणि पुढे जा. नसेल तर मागच्या ओळीत जाळी राहिली आहे. शेवटचे दोनच टाके उरेपर्यंत विणा, मग दोन्ही सुयांच्या मधला आडवा धागा डाव्या सुईच्या टोकाने उचला, तो सुलट विणा आणि ओळ पूर्ण करा. एवढ्याने चूक दुरुस्त होते, काही उसवावं लागत नाही. ही एक नजर अंगवळणी पडली की गप्पा मारत, रेडिओ ऐकत, कितव्या ओळीवर आहोत हे माहीत नसतानाही शाल बिनचूक वाढते.

वेगळा नमुना-तुकडा विणायचा नाही. पहिल्या तीस ओळींचा कोपरा हाच नमुना. त्यात जेमतेम साडेपाचशे-सहाशे टाके जातात, म्हणजे सरावलेल्या हाताचा अर्धा तास. तिथे थांबून तो कोपरा मुठीत चुरगळा आणि सोडा. अलगद उलगडला तर पुढे चालू ठेवा. पुठ्ठ्यासारखा ताठ राहिला तर सुई अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्या. बोटं आरपार दिसत असतील आणि तुम्हाला ऊब हवी असेल तर ४.५ मिमी घ्या. सगळं उसवून परत सुरू करायचं असेल तर ते याच टप्प्यावर करावं.

नवे विणणारे फार घट्ट विणतात आणि त्यातूनच दुखणं सुरू होतं. धागा करंगळीभोवती एक वेढा देऊन तर्जनीवरून सोडा, मुठीत आवळू नका. टाका सुईच्या जाड भागावर तयार व्हायला हवा. निमुळत्या टोकावरच तयार केला तर तो बारीक होतो आणि पुढच्या ओळीत सुई शिरता शिरत नाही. पाठ टेकलेली, कोपर उशीवर विसावलेलं, विणकाम मांडीवर. वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवून मुठी उघडझाप करा. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखू लागलं तर त्या दिवसाचं विणणं तिथेच संपवा, ओळ अर्धी असली तरी.

अर्ध्यावर रेंगाळल्यासारखं का वाटतं

पहिल्या आठवड्यात शाल झपाट्याने वाढते आणि मग जागच्या जागी थांबल्यासारखी वाटते. तुमचा वेग तोच असतो, त्रिकोण बदललेला असतो.

२०० ग्रॅमच्या शालीत शेवटी सुईवर सुमारे २२५ टाके असतात आणि सगळे मिळून साधारण २५,००० टाके पडतात. मिनिटाला २० टाके धरले तर झाले एकवीस तास. त्रिकोणाचं क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाने वाढतं, म्हणून पहिल्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १६० टाके, म्हणजे जवळजवळ ९० सेंमी रुंदी होते. दुसऱ्या १०० ग्रॅममध्ये त्यावर फक्त ३५ सेंमीची भर पडते. ओळींच्या भाषेत पहिल्या साडेदहा तासांत दीडशेच्या वर ओळी झाल्या, पुढच्या साडेदहा तासांत जेमतेम पासष्ट. सुरुवातीची ओळ मिनिटभरात संपत होती, आता एकीला दहा-अकरा मिनिटं लागतात. जो ओळी मोजतो त्याला या टप्प्यावर आपण आळसावलो असं वाटणारच.

म्हणून ओळी मोजू नका आणि टेपही लावू नका. मोजायचंच तर लोकर मोजा, कारण ती प्रत्येक टाक्याला सारखीच खर्च होते. वजनही तीनदाच करा: सुरुवातीला, निम्मी संपल्यावर आणि गुंडा लिंबाएवढा दिसू लागल्यावर. यात एक बारकावा आहे. लोकर हवेतली ओल शोषते. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ओल पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. मुंबईच्या किंवा कोकणातल्या जुलैत तोच गुंडा काही ग्रॅम जड भरतो. पावसाळ्यात वजन करणार असाल तर शेवटची राखीव लोकर थोडी जास्त धरा.

पहिली लडी संपली की दुसरी गाठ न मारता जोडता येते. दोन्ही टोकांचा पीळ ६-७ सेंमीपर्यंत उलगडा. प्रत्येक टोकातले निम्मे पदर बोटांनी ओढून तोडा. कात्रीने कापू नका, तुटलेले केसाळ तंतूच एकमेकांत शिरतात. दोन्ही टोकं तळहातावर एकमेकांवर ठेवा, पाण्याने ओली करा आणि दोन्ही तळव्यांमध्ये जोर लावून चोळा. पंधरा-वीस सेकंदांनी तळवा गरम लागतो आणि तंतू एकमेकांना धरू लागल्याचं हाताला जाणवतं. आणखी तितकंच चोळा, मग हलकेच ओढून बघा. सरकलं तर परत ओलं करून चोळा. जोड मूळ धाग्याइतकाच जाड होतो, विणीत कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही, आणि छटा वेगळी असेल तर एकीतून दुसरीत अलगद जाते. ‘सुपरवॉश’ लोकरीचे खवले रासायनिक प्रक्रियेने झाकलेले किंवा काढलेले असतात, म्हणून तिथे हा जोड धरत नाही. तिथे नवी लोकर ओळीच्या सुरुवातीला धरून, १५ सेंमी टोक सोडून विणा आणि टोक नंतर बोथट सुईने विणीत दडवा.

याच टप्प्यावर राखणीचा दोरा घाला. सुती दोरा बोथट सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून फिरवा आणि तसाच राहू द्या. पुढे काही मोठं बिघडलं तर तिथपर्यंतच उसवेल. काही बिघडो न बिघडो, हा दोरा असला की हात सैल पडतो.

थांबणं आणि परत येणं

‘ओळ पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही’ हा नियम अनेकांनी स्वतःवर लादून घेतलेला असतो. दोनशे टाक्यांच्या ओळीला तो जाचक आहे, आणि त्यामागची भीती एकच: परत आल्यावर दिशा चुकेल. दिशा ओळखणं सोपं आहे. गुंड्याचा धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो ती सुई उजव्या हातात. दिशा चुकलीच तर ओळ मध्येच उलटी फिरते, एका बाजूला दोन ओळी जास्त होतात आणि वळणाच्या जागी भोक पडतं. तेवढे टाके उलगडले की झालं. दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, तर मध्येच उठा.

काही दिवसांसाठी ठेवताना मात्र ओळ संपवा आणि टाके तारेच्या मध्यावर सरकवा. महिनाभर किंवा जास्त काळ ठेवायचं असेल तर टाके सुती दोऱ्यावर उतरवून सुई काढून घ्या. धातूच्या साध्या सुईला दमट हवेत गंज धरतो आणि तो डाग लोकरीतून निघत नाही. शिवाय सुई दुसऱ्या कामाला मोकळी होते. पिशवीत एक चिठ्ठी टाका. तिच्यावर सुईचा नंबर मिलिमीटरमध्ये, ओळीचा नियम, गुंड्याचं वजन एवढं लिहा. तारीख लिहू नका. चार महिन्यांनी ती वाचून फक्त अपराधी वाटतं, विणायला तिचा काही उपयोग नसतो.

परत बसल्यावर पहिल्या दोन-तीन ओळी आधीपेक्षा घट्ट किंवा सैल येतील, कारण हात विसरलेला असतो. कापडावर फिकट पट्टा दिसतो. तो तसाच राहू द्या, धुतल्यावर बहुतेक बुजतो.

एप्रिल-मेमध्ये घामट हातांनी विणू नये. ओला तळवा आणि सततचं घासणं यामुळे धागा सुईवरच जमून येतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट होतात, आणि दोनशे टाक्यांची लोकर मांडीवर सहनही होत नाही. तेवढे दोन महिने शाल सुती पिशवीत ठेवा, हातात सुती धाग्याचं काही बारीकसारीक घ्या.

चुकांचं काय करायचं

चूक दिसली की स्वतःला दोनच प्रश्न विचारा. यामुळे काही सुटत जाणार आहे का? यामुळे आकार बिघडणार आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर पुढे विणत राहा. एखादा टाका चुकून उलट पडला, धागा फाटून अर्ध्याच पदरात सुई शिरली, कुठे टाका मोठा झाला, तर शाल अंगावर असताना हे तुम्हालाही दिसणार नाही.

जाळी राहिली तर आकारावर परिणाम होतो. तिचा उपाय वर दिला आहे. दहा ओळींनंतर लक्षात आलं तर सोडून द्या. कडेला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची खोच पडते, ती ताणून वाळवताना निघते.

सुटलेला टाका मात्र लगेच पकडायला हवा. आधी तो दिसेल तिथे सेफ्टी पिनेत अडकवा आणि श्वास घ्या. खऱ्या लोकरीत तो तिथेच थांबून राहतो, अॅक्रिलिकसारखा सरसर उतरत नाही. आता शिडी चढवायची. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत एक ओळ समोरून सुलट दिसते, पुढची उलट, म्हणून टाका आळीपाळीने समोरून आणि मागून वर न्यावा लागतो. पहिली पायरी क्रोशाच्या सुईने समोरून: सुई टाक्यातून समोरून मागे घाला, शिडीचा सर्वांत खालचा आडवा धागा पकडून पुढे ओढा. मग विणकाम उलटं धरून पुढची पायरी तशीच. एक बाजू, मग दुसरी, सुईपर्यंत. चुकून दोन पायऱ्या एकाच बाजूने चढल्या तर गुळगुळीत उभी रेघ दिसते. ती चालेल, टाका सुटलेला नाही हे महत्त्वाचं.

उसवायची वेळ आलीच तर उसवलेली लोकर लगेच विणू नका. ती नुडल्ससारखी वळलेली असते आणि तिचे टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीवर लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि वजन न लावता टांगून सुकवा. वळ्या जातात आणि लोकर परत विणण्याजोगी होते.

तारीख ठरलेली असेल तेव्हा

बारसं, डोहाळजेवण, परदेशी जाणाऱ्या लेकाचं विमान, या तारखा खऱ्या असतात. अशा वेळी निवांतपणा मापातून काढता येतो. बाळंतविड्यात स्वेटर, टोपडं, मोजे असा पूर्ण संच विणायचा हट्ट नको. टोपडं एवढंच विणा, त्याला ४० ग्रॅमच्या आसपास लोकर पुरते. तेही नवजात बाळाच्या मापाचं नको. जन्मतः डोक्याचा घेर ३४-३५ सेंमी असतो आणि वर्षाचं होईतो ४५-४६ होतो. मोठ्या मापाचं विणलं तर बारशाला पोचलं नाही तरी थंडीत बसतं. बाळासाठी सुपरवॉश मेरिनो घ्या, कारण ते रोज धुतलं जाणार. हातमोजे-पायमोज्यांना जाळीची वीण नको आणि आत सुटी टोकं अजिबात नकोत. बाळाची बोटं त्यात अडकतात, धागा आवळला जातो आणि ते वरून दिसतही नाही.

शेवटची ओळ आणि धुणं

साधारण २० ग्रॅम लोकर उरली की प्रत्येक ओळीनंतर बघत जा. या रुंदीला एक ओळ पावणेदोन ग्रॅमच्या आसपास खाते. १० ग्रॅम उरले की टाके बंद करायला घ्या.

साध्या पद्धतीने बंद केलेली कड आवळते आणि शाल होडीसारखी वळते. त्याऐवजी असं करा: १ टाका सुलट, मग आणखी १ सुलट, उजव्या सुईवरचे दोन्ही टाके परत डाव्या सुईवर, आणि ते दोन्ही मागच्या बाजूने एकत्र सुलट. उजवीकडे एक टाका राहतो. पुढचा १ सुलट विणून हेच करत जा. सुई ६ मिमीची घेतली तर आणखी बरं. सगळे टाके बंद व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. ते रात्री झोप डोळ्यांवर असताना करू नका.

लोकर जमून येते ती गरम पाणी, चोळणं आणि क्षारयुक्त साबण एकत्र आले की. तिन्ही टाळा. बादलीत कोमट पाणी, त्यात चमचाभर सौम्य शाम्पू किंवा रिठ्याचं पाणी. ७-८ रिठ्यांची सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, चोळून, गाळून घ्या. रिठ्याने पांढऱ्या लोकरीवर किंचित पिवळसर झाक येऊ शकते, तिथे शाम्पू बरा. शाल पाण्यात बुडवून २०-३० मिनिटं नुसती राहू द्या. मेंढीचा वास येईल, तो वाळल्यावर जातो. नंतर तशाच कोमट पाण्यात खळबळून घ्या. बाहेर काढताना दोन्ही हात खाली घालून सगळी एकदम उचला. एका टोकाने उचलली तर पाण्याच्या वजनाने लांबते. पिळू नका. टॉवेलवर पसरा, टॉवेलची गुंडाळी करा आणि तिच्यावर पायांनी दाब द्या.

सतरंजीवर कोरडी चादर घालून शाल पसरा. आधी लांब कड सरळ करून न गंजणाऱ्या टाचण्यांनी दर ८-१० सेंमीवर टाचा, मग समोरचा कोपरा हलकेच ओढून टाचा, शेवटी दोन्ही तिरक्या कडा. ओली लोकर सांगाल तशी बसते. मघाचा घट्ट पट्टा, मोठे टाके, कडेची खोच, सगळं इथे सारखं होतं आणि जाळीच्या भोकांची रांग उघडते. पंख्याखाली एक ते दोन दिवस वाळू द्या, पूर्ण वाळल्याशिवाय टाचण्या काढू नका. भर पावसाळ्यात दोन दिवसांतही वाळणार नसेल तर धुणं पुढे ढकला. टाके बंद झालेली शाल न धुता महिनाभर राहिली तरी काही बिघडत नाही.

कसर

लोकर खातात त्या पतंगाच्या आणि काही किड्यांच्या अळ्या, आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेली जागा त्यांना आधी सापडते. म्हणून ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. कडुनिंबाच्या पाल्यावर एकट्यावर विसंबू नका. डांबरगोळ्या लहान मुलांच्या घरात नकोत. शंका असेल तर शाल पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझमध्ये किमान दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर लोकरीवर दव धरतं. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा सगळ्या लोकरी वस्तू बाहेर काढून झटका. रंगीत असतील तर तासाभराने सावलीत घ्या.

टाके बंद करून उरलेली चार-पाच ग्रॅम लोकर टाकू नका. एका पुठ्ठ्यावर गुंडाळून तिच्यावर सुईचा नंबर लिहा आणि शालीच्याच पिशवीत ठेवा. पुढे कधी कसर लागली किंवा खिळ्याला अडकून धागा तुटला, तर रफू करायला हीच लोकर हवी.